माकडाच्या कांजिण्या, माणसाची नागीण

सिमियन व्हॅरिसेला हा माकडांमध्ये कांजिण्यांसारखा आजार घडवणारा, हर्पिस कुळातला विषाणू आहे. माणसाला आधी कांजिण्या आणि पुढे कधीतरी नागीण देणाऱ्या व्हॅरिसेला-झोस्टर विषाणूचा तो जवळचा नातलग. तो माणसाला आजारी पाडल्याचे ज्ञात नाही, आणि जगातल्या अगदी थोड्या प्रयोगशाळा त्याच्यावर काम करतात. तरीही लहानपणी अंगात शिरलेला विषाणू पन्नास-साठ वर्षे कुठे आणि कसा दडून राहतो, या प्रश्नाची काही महत्त्वाची उत्तरे माकडाच्या या विषाणूमुळेच हाती आली आहेत.

माणसाचा आजार बहुतेक घरांना ओळखीचा आहे. विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो. दहा ते एकवीस दिवस वरकरणी काहीच होत नाही. मग ताप येतो आणि छाती-पोटावर, चेहऱ्यावर पाण्याने भरलेले फोड उठू लागतात. काही दिवसांत त्यांच्यावर खपल्या धरतात आणि मूल बरे होते. विषाणू मात्र शरीर सोडत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि कवटीच्या तळाशी संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींचे छोटे पुंजके असतात. वैद्यकात त्यांना गुच्छिका म्हणतात. विषाणू या गुच्छिकांमध्ये मुक्काम ठोकतो. तिथे तो वाढत नाही, पेशी मारत नाही, लक्षणेही दाखवत नाही. वय वाढले, किंवा कर्करोग, एचआयव्ही, अवयवरोपणानंतरची औषधे अशा कारणाने प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या गुच्छिकेतला विषाणू जागा होतो, तिथून निघणाऱ्या चेतातंतूवरून त्वचेकडे उतरतो आणि शरीराच्या एकाच बाजूला आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उमटतो. हीच नागीण. अमेरिकेतील अंदाजानुसार तिथल्या दर तीन माणसांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी ती होते. फोड वाळल्यावरही वेदना महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे राहू शकते. कपड्याचा नुसता स्पर्शही असह्य होतो. वयस्कर रुग्णांचे सर्वाधिक हाल या मागे राहणाऱ्या वेदनेने होतात.

नागिणीचा वेढा कमरेभोवती पुरा झाला, तिची दोन्ही टोके जुळली, की माणूस दगावतो, अशी भीती महाराष्ट्रात अजूनही अनेकांच्या मनात असते. तिला आधार नाही. फोड एका गुच्छिकेच्या चेतातंतूंच्या हद्दीतच उठतात आणि ही हद्द बहुधा शरीराच्या मध्यरेषेशी संपते. या भीतीपोटी मांत्रिकाकडे जाण्यात जे दोन-तीन दिवस जातात, नेमके तेच दिवस विषाणूविरोधी औषध सुरू करण्याचे असतात.

कांजिण्या आणि नागीण यांचा संबंध आहे, ही शंका जुनी. नागीण झालेल्या मोठ्या माणसाच्या सहवासातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले होते. अमेरिकेत थॉमस वेलर यांनी 1950च्या दशकात हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवला आणि दोन्ही आजारांमागचा विषाणू एकच असल्याचे दाखवून दिले. तो मधल्या काळात कुठे असतो, याचा सर्वांत प्रभावी तर्क मात्र कोणत्याही प्रयोगशाळेतून आला नाही. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन सोळा वर्षे आपल्या भागातल्या नागिणीच्या रुग्णांची नोंद ठेवत राहिले आणि 1965 मध्ये त्यांनी सिद्धान्त मांडला: विषाणू संवेदी गुच्छिकांत सुप्त राहतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्याला तिथे रोखून धरते आणि ती एका पातळीखाली घसरली की नागीण उठते. गावातल्या डॉक्टरच्या वहीतून निघालेला हा निष्कर्ष पुढच्या अर्धशतकाच्या संशोधनाचा पाया ठरला.

तर्क पटण्याजोगा होता, पण तो तपासायचा कसा? व्हॅरिसेला-झोस्टर हा जवळपास केवळ माणसाचा विषाणू आहे. उंदराला तो टोचला तर फोड येत नाहीत, ताप येत नाही. गिनीपिगला तो लागावा म्हणून आधी त्यांच्या पेशींत मुरवावा लागतो आणि त्यानंतरही खरा आजार होत नाही. माकडांना टोचला तर रक्तात प्रतिपिंडे दिसतात, त्यापलीकडे फारसे काही घडत नाही. आणि जिवंत माणसाच्या गुच्छिकेचा तुकडा तपासणीसाठी कापून घेता येत नाही. तसे करणे म्हणजे त्याची संवेदना कायमची हिरावणे. उरतो तो मृतदेह. त्यातही अडचण अशी, की मृत्यूनंतर ऊतींमध्ये बदल सुरू होतात आणि सुप्त विषाणूची काही जनुके त्या तासांत नव्याने सुरू होऊ शकतात. त्यामुळे शवविच्छेदनात दिसलेली हालचाल सुप्तावस्थेतली की मृत्यूनंतरची, हा वाद अनेक वर्षे मिटला नाही. शिवाय त्या माणसाला कांजिण्या कधी झाल्या आणि विषाणूचा किती मारा झाला, हे मृतदेहावरून समजत नाही.

ही कोंडी फोडणारा विषाणू एका दुर्घटनेतून सापडला. 1966च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडच्या लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आणलेल्या व्हर्व्हेट माकडांत फोड येणारा आजार पसरला आणि त्यात माकडे मेली. त्यांच्यापासून वेगळा केलेला विषाणू हर्पिस कुळातला निघाला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत लुइझियानातील डेल्टा प्रायमेट केंद्रातल्या पाटास माकडांत आणि वॉशिंग्टन राज्यातील मेडिकल लेक इथल्या मकाक माकडांत असेच उद्रेक झाले. प्रत्येक ठिकाणी विषाणूला वेगळे नाव मिळाले. पुढे तुलना केल्यावर हे सगळे एकाच विषाणूचे वाण असल्याचे स्पष्ट झाले आणि सिमियन व्हॅरिसेला हे नाव रूढ झाले.

आजाराचे स्वरूप पाहता साम्य डोळ्यांत भरणारे होते. संसर्गानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत चेहरा, छाती, पोट आणि हातापायांवर फोड. गंभीर आजारात फुप्फुसे आणि यकृतावर हल्ला, जसा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलांत किंवा काही प्रौढांत कांजिण्या करतात. विषाणूंच्या अंतरंगातही तेवढेच साम्य निघाले. दोघांचा डीएनए सुमारे सव्वा लाख बेस-जोड्यांचा, जनुके सत्तरच्या आसपास आणि ती जवळजवळ त्याच क्रमाने मांडलेली. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात वेन ग्रे यांच्या गटाने माकडाच्या विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम 2001 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा दोन्ही डीएनएंमध्ये 70 ते 75 टक्के साम्य असल्याचे मानले जाऊ लागले. डीएनएच्या एका टोकाला थोडा फरक आहे: माणसाच्या विषाणूतले एक जनुक माकडाच्या विषाणूत नाही आणि माकडाच्या विषाणूतले एक माणसाच्या विषाणूत नाही. नात्याचा सर्वांत बोलका पुरावा त्याआधीच, 1979 मध्ये, मिळाला होता. पाटास माकडांना माणसाचा विषाणू टोचल्यावर त्यांना माकडाच्या विषाणूच्या आजारापासून संरक्षण मिळाले. माकडांच्या प्रतिकारयंत्रणेला दोन्ही विषाणू पुरेसे सारखे वाटत होते.

या विषाणूचा पहिला उपयोग औषधे तपासण्यासाठी झाला. डेल्टा केंद्रात केनेथ सॉइक यांनी आफ्रिकेतील हिरव्या माकडांना विषाणू देऊन त्यांच्यावर अनेक विषाणूविरोधी द्रव्यांची चाचणी घेतली. त्यांतले एक पुढे सोरिव्ह्युडिन या नावाने जपानमध्ये 1993 मध्ये नागिणीवरचे औषध म्हणून बाजारात आले. माकडांत ते विषाणूविरुद्ध प्रभावी ठरले होते. पण कर्करोगावरील फ्लुओरोयुरॅसिल गटातली औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात त्या औषधांचे विघटन सोरिव्ह्युडिनमुळे थांबले, त्यांची मात्रा विषारी पातळीला गेली आणि काही आठवड्यांत डझनाहून अधिक रुग्ण दगावले. औषध मागे घ्यावे लागले. माकडांनी दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. औषध विषाणूला रोखते का, एवढेच त्यांना विचारले गेले होते. नागिणीचा रुग्ण बहुधा वयस्कर असतो आणि इतर औषधेही घेत असतो, ही गोष्ट त्या प्रयोगात नव्हतीच. प्राण्यांवरील कोणत्याही प्रयोगाचे निष्कर्ष वाचताना ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सुप्तावस्थेच्या अभ्यासाला सुरुवात झाली तेव्हा आणखी एक अडचण निघाली. हिरव्या माकडाच्या श्वासनलिकेत विषाणूचा मोठा डोस थेट सोडला की कांजिण्या होत, पण माकड बरे झाल्यावरही विषाणूचा डीएनए रक्तातल्या पेशींत वर्षानुवर्षे आढळत राही. माणसात असे होत नाही; तिथे विषाणू चेतापेशींपुरता उरतो. म्हणजे ही खरी सुप्तावस्था नव्हती. कोलोरॅडो विद्यापीठातील रवी महालिंगम आणि डॉन गिल्डन यांनी मार्ग बदलला. संसर्ग झालेल्या माकडांच्या सहवासात निरोगी माकडे ठेवली आणि विषाणूला आपल्या वाटेने जाऊ दिले. सहवासातल्या माकडांना सौम्य कांजिण्या झाल्या आणि नंतर विषाणूचा डीएनए गुच्छिकांत सापडला, फुप्फुसांत किंवा यकृतात नाही. निसर्गात घडते तसा संसर्ग घडवला तर निसर्गात होते तशी सुप्तावस्था येते, हे यातून दिसले. हा धडा साधा वाटला तरी तो शिकायला बराच काळ गेला.

यानंतरचे मोठे पाऊल 2009 मध्ये पडले. ओरेगॉनमधील प्रायमेट केंद्रात इल्हेम मेसौदी आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या श्वासनलिकांच्या शाखांत विषाणू सोडला. माकडांना फोड आले, ती बरी झाली, रक्तात प्रतिपिंडे आणि टी-पेशी तयार झाल्या आणि विषाणू संवेदी गुच्छिकांत शांतपणे उरला. माणसाच्या आजाराचे सगळे टप्पे एका प्राण्यात क्रमाने दिसले. ऱ्हीससची निवड सोयीचीही होती, कारण त्यांच्या रोगप्रतिकारयंत्रणेचा अभ्यास फार खोलवर झालेला आहे आणि तिच्या चाचण्यांसाठीची द्रव्ये तयार मिळतात. या माकडांचा भारताशी थेट संबंध आहे. पोलिओच्या लसीच्या काळात उत्तर भारतातून लाखो ऱ्हीसस माकडे परदेशी प्रयोगशाळांकडे गेली. 1978 मध्ये भारत सरकारने निर्यात बंद केली. अमेरिकी केंद्रांतली आजची अनेक ऱ्हीसस माकडे त्या भारतीय माकडांच्या वंशातली आहेत.

ऱ्हीसस माकडांनी दिलेली पहिली महत्त्वाची माहिती विषाणूच्या प्रवासाबद्दल होती. विषाणू गुच्छिकेपर्यंत पोहोचतो कसा? जुनी समजूत अशी, की तो त्वचेवरच्या फोडांतून चेतातंतूंच्या टोकांत शिरतो आणि तिथून उलटा वर चढतो. पण माकडांत संसर्गानंतर तीनच दिवसांत, म्हणजे एकही फोड येण्याआधी, विषाणूचा डीएनए गुच्छिकांत सापडला आणि त्याच वेळी तिथे टी-पेशीही शिरलेल्या दिसल्या. रोटरडॅम आणि कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हिरव्या माकडांच्या ऊतींत विषाणूने ग्रासलेल्या टी-पेशी फुप्फुसांपासून त्वचेपर्यंत दाखवल्या होत्याच. ज्या पेशींनी विषाणूशी लढायचे त्यांच्याच पाठीवर बसून तो रक्तातून हिंडतो, असे हे चित्र आहे. त्वचेकडून येणारी वाट यामुळे खोटी ठरत नाही, पण ती एकमेव नाही हे नक्की. माणसात हा प्रश्न सोडवणे अशक्यच होते. संसर्गानंतरच्या तिसऱ्या दिवशी, फोड येण्याआधी, कोणत्या मुलाची गुच्छिका तपासणार?

दुसरी माहिती प्रतिकारशक्तीबद्दलची, आणि व्यवहारात तीच अधिक मोलाची. होप-सिम्पसन यांनी प्रतिकारशक्तीचा उल्लेख केला होता, पण तिचा नेमका कोणता भाग विषाणूला रोखतो हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ओरेगॉनच्या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऱ्हीसस माकडांचे तीन गट केले. एका गटातल्या सीडी-4 टी-पेशी संसर्गाच्या काळात प्रतिपिंडांच्या साहाय्याने काढून टाकल्या, दुसऱ्यातल्या सीडी-8 टी-पेशी, तिसऱ्यातल्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी. बी-पेशी नसलेल्या माकडांचा आजार फारसा वाढला नाही. सीडी-8 पेशी नसल्याचा परिणाम मर्यादित होता. सीडी-4 पेशी नसलेल्या माकडांत मात्र विषाणू भरमसाट वाढला आणि कांजिण्या अंगभर पसरल्या. ज्या मुलांत जन्मतः प्रतिपिंडे तयार होत नाहीत त्यांना कांजिण्या सहसा फार जड जात नाहीत आणि ज्यांच्या टी-पेशी दुबळ्या असतात त्यांना त्या जीवघेण्या ठरू शकतात, हे डॉक्टरांनी पाहिलेले होते. माकडांनी त्यामागचे कारण वेगळे करून दाखवले. नागिणीची आजची प्रथिनाधारित लसही विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाविरुद्ध प्रामुख्याने सीडी-4 पेशींचा जोरदार प्रतिसाद उभा करते. पन्नाशीपुढच्या लोकांवरील मोठ्या चाचणीत तिची परिणामकारकता 90 टक्क्यांहून अधिक दिसली आणि 2023 पासून ती भारतातही मिळते.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. सुप्त विषाणू अगदीच निपचित असतो, की हळू आवाजात काही करत असतो? ग्रे यांच्या गटाला 2007 मध्ये सुप्त संसर्ग असलेल्या माकडांच्या गुच्छिकांत विषाणूची एक आरएनए प्रत सापडली. ती 61व्या जनुकाच्या पट्ट्यातून, पण उलट्या दिशेने तयार झालेली होती. 61वे जनुक विषाणूची इतर जनुके चालू करण्यात भाग घेते, म्हणून त्याच्यावर उलटी बसणारी प्रत त्याला आवरून धरत असावी, असा अंदाज बांधता येत होता. माणसात अशी काही प्रत कुणाला दिसलेली नव्हती. अकरा वर्षांनी, 2018 मध्ये, मृत्यूनंतर लगेच मिळवलेल्या मानवी गुच्छिकांची नव्या तंत्राने छाननी झाली, तेव्हा माणसाच्या विषाणूतही अशीच, 61व्या जनुकाच्या उलट दिशेची प्रत सापडली. एका प्राण्याच्या विषाणूवरून दुसऱ्याबद्दल केलेले अनुमान इतक्या नेमकेपणाने खरे ठरल्याची उदाहरणे फार नाहीत. या क्षेत्रात माकडाच्या विषाणूला जे वजन आहे ते मुख्यतः अशा निष्कर्षांमुळे.

नागीण प्रयोगात घडवता येते का, या प्रश्नाचे उत्तरही 2007 मध्येच मिळाले. सुप्त संसर्ग असलेल्या लांब शेपटीच्या मकाक माकडांना किरणोत्सर्ग देऊन, टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोन या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती दडपल्यावर विषाणू जागा झाला आणि फोड उठले. विशेष म्हणजे प्रतिकारशक्ती न दडपलेल्या एका माकडातही नागीण दिसली. ते केवळ प्रवासाच्या आणि एकटे ठेवले जाण्याच्या ताणाखाली होते. एका माकडावरून नियम मांडता येत नाही. पण अमेरिकी अंतराळवीरांच्या लाळेत उड्डाणाच्या काळात, अंगावर एकही फोड नसताना, व्हॅरिसेला-झोस्टरचा डीएनए सापडल्याची 2004 मधील नोंद शेजारी ठेवली तर ताण हे कारण हसण्यावारी नेता येत नाही. माकडांवरील पुढच्या अभ्यासांत जाग्या झालेल्या विषाणूभोवती गुच्छिकांमध्ये टी-पेशी गोळा होताना दिसल्या. नागिणीनंतरची वेदना समजून घेण्यासाठी ही दाह पावलेली गुच्छिका जवळून पाहायला मिळणे आवश्यक होते.

या संशोधनाच्या मर्यादा लहान नाहीत. 70-75 टक्के साम्य म्हणजे पाव भाग वेगळा आहे. हिरव्या माकडांत विषाणू जीवघेणा ठरतो, ऱ्हीससमध्ये सौम्य राहतो, म्हणून माकडाची जात बदलली की निष्कर्षही बदलू शकतात. प्रत्येक प्रयोगात माकडे मोजकीच असतात, कारण त्यांचा खर्च मोठा. मकाक माकडांत बी-विषाणू नावाचा आणखी एक हर्पिस विषाणू असतो; त्यांच्यात तो किरकोळ असला तरी माणसाला झाल्यास उपचाराविना बहुतेकदा मृत्यू ओढवतो, त्यामुळे त्यांना हाताळणे जोखमीचे काम आहे. आणि एक किंमत अशी की ती पैशात मोजता येत नाही. गुच्छिका तपासायची तर बहुतेक वेळा माकडाला मारावे लागते. ताण, वेदना आणि एकटेपण कळणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हा निर्णय हलका असू शकत नाही. म्हणून जे प्रश्न मूळपेशींपासून बनवलेल्या मानवी चेतापेशींत किंवा मानवी ऊती रोवलेल्या उंदरांत सुटतात, ते तिथेच सोडवले जावेत. असे पर्याय आता आहेत आणि त्यांचा वापर वाढतो आहे. मात्र बशीतल्या चेतापेशीला रक्तप्रवाह नसतो, टी-पेशी नसतात, म्हातारपणही नसते. संसर्ग, वर्षांची शांतता, उतरती प्रतिकारशक्ती आणि पुन्हा उठणारा विषाणू ही सगळी साखळी अजून तरी माकडातच अखंड पाहता येते.

सध्या लक्ष आहे ते विषाणूची जनुके एकेक करून काढून टाकण्याकडे. 61वे जनुक नसलेला माकडाचा विषाणू तयार करून तो ऱ्हीससमध्ये कसा वागतो हे तपासले गेले आहे. मुलांना दिली जाणारी कांजिण्यांची जिवंत लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी 1970च्या दशकात तयार केली. तिच्यातला दुबळा केलेला विषाणूसुद्धा गुच्छिकेत सुप्त राहू शकतो आणि क्वचित पुढे नागीण देऊ शकतो, जरी मूळ विषाणूपेक्षा बराच कमी वेळा. कांजिण्या रोखणारा पण गुच्छिकेत शिरूच न शकणारा विषाणू बनवायचा असेल, तर कोणते जनुक काढल्याने तो चेतापेशीच्या दाराशी थांबतो हे आधी कळले पाहिजे. माकडाच्या विषाणूवरचे हे काम त्याच शोधाचा भाग आहे.